तीन नंबरजवळची शांतता

८ सप्टेंबर, सोमवार

अक्षर वाकडं येतंय.  माझ्या हाताला काही झालेलं नाही. प्रेसवर बसणाऱ्या दळवीच्याही नाही. झालं असतं.

दुपारी कारखान्यात तीन नंबर प्रेसजवळ उभा होतो. दिवाळीच्या स्टीलच्या डब्यांची ऑर्डर आहे, झाकणं मागे पडताहेत. म्हणून दळवीच्या कानाशी उभा राहून त्याला चार गोष्टी सांगत होतो. ऐन रंगात आलो होतो. त्याने पायडल दाबलं, पंच, वरचा लोखंडी ठोकळा, खाली आला, वर गेला. झाकण काढायला त्याने हात घातला आणि पंच पुन्हा खाली आला.

हातमोज्याच्या करंगळीचं टोक खालच्या साच्यात, डायमध्ये, राहिलं. मोजा मापाने मोठा, टोक रिकामं होतं. एवढंच. एवढ्यावर निभावलं.

दळवी म्हणाला, "पाय पडला साहेब, दोनदा. माझीच चूक." आणि हसला.

मग मी काय केलं? सगळ्यांना गोळा करून एकाग्रतेवर बोललो. तिथल्या तिथे, तयारीशिवाय. चांगलं झालं. टाळ्या पडल्या. आता घरी आलोय. मोज्याचं ते टोक खिशात घालून आणलं आहे. का आणलं, माहीत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

वै. म्हणाली, कुकर उघडा जरा. हात पुढे जाईना. शिट्टी केव्हाच उतरली होती. तरी जाईना.

"काय हो, शॉक बसला का कुठे?"

काही नाही म्हणालो. बायकोला सांगितलं की गोष्ट खरी होते.

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला अजून जाळीचा दरवाजा आहे. रोज फटकन ओढतो. आज जिन्याने उतरलो. खाली दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ताजी भेटले. विसर्जनाआधीच्या माझ्या भाषणाबद्दल म्हणाले, "क्या बोलते हो सर, रोंगटे खडे हो गए." हसलो. रोंगटे माझेही कालपासून उभेच आहेत.

युनियनमध्ये असताना कारखान्याच्या फाटकावर बोलायचो, समोर पोलिसांची गाडी उभी असायची. तेव्हा भीती वाटल्याचं आठवत नाही. उलट गाडी दिसली की आवाज चढायचा. शेठने मला इनचार्ज केलं ते त्या आवाजामुळेच. "मोहिते, तू बोलता अच्छा है. अब इधर से बोल." तिकडचे मित्र तुटले. पण मी मनाशी म्हणालो होतो, माणसांसाठी बोलायचं तर आत राहून बोलू. अजूनही तेच म्हणतो. माणसाला शब्दाने उभं करता येतं, हा माझा विश्वास. कपाटातली सगळी पुस्तकं वाचून मी एवढंच शिकलोय.

मग एका करंगळीच्या टोकाने एवढं का घाबरावं?

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळची सभा. देवीच्या फोटोला उदबत्ती, मग माझी पाच मिनिटं (पंधरा होतात), मग माझा ठरलेला प्रश्न, "काही अडचण?" आणि सगळ्यांचा एका सुरात जबाब, "नाही!" ही पद्धत मीच पाडली. हिंदीवालेसुद्धा 'नाही' मराठीतच म्हणतात. आवाज बाहेर चहाच्या टपरीपर्यंत जातो. टपरीवाला म्हणतो, तुमचा 'नाही' झाला की मी दुसरा चहा चढवतो.

आज तो 'नाही' ऐकताना पहिल्यांदाच एकेका तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांत मोठा आवाज दळवीचा होता.

नंतर फेरी मारली. तीन नं.च्या आसपास शिस्त बघण्यासारखी. मी पोचलो की आवाज बंद. पाच नं.वरचा रामअवध एरवी गुणगुणायचा, तोही हल्ली गप्प असतो. बोललेलं मुरतं, ते असं. बरं वाटलं. थोडा वेळ.

दळवीजवळ बोलायला थांबलो तर म्हणाला, "नंतर बोलू साहेब, चहाला." कामात गढलेला माणूस. कौतुकच वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेठने पाठवलं म्हणून ट्रेनिंगला जाऊन आलो. घोडबंदर रोडवर वरसाव्याच्या अलीकडचं हॉटेल. विषय, टीम लीडरसाठी प्रभावी संवाद. मला! हसू की रडू.

ट्रेनर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पाय हलवू नका, डोळ्यांत बघा, वाक्यं छोटी ठेवा. हे सगळं मी गिरणगावातल्या गणपतीच्या मांडवात शिकलो, कुणी शिकवलं नव्हतं. जेवणानंतर जोड्या लावल्या. एकाने आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझ्यासमोर औषध कंपनीतली एक मुलगी. तिने दोन वाक्यं सांगितली आणि मला तिसरं दिसलं. मी उपाय सांगितला. चांगला होता. मुलीनेही मान डोलावली.

बाई मागे उभ्या होत्या. "सर, तुम्ही उत्तर दिलंत. त्यांनी अजून विचारलंच नव्हतं."

सगळे हसले. मीही हसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे बाईंना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

घरी येताना रिक्षात आठवलं, निघताना त्या मुलीला विचारलं होतं, तुमची खरी अडचण काय होती? ती म्हणाली, "जाऊ दे सर, सुटली." तसंच हसली. दळवीसारखं.

१५ सप्टेंबर, सोमवार

रविवारभर तयारी केली. कपाटासमोर उभा राहून, वै. देवळात गेल्यावर. विषय, निर्भयपणे बोला.

सकाळी बोललो. "ज्या घरात पोरं बापाला खरं सांगत नाहीत, त्या घराला आग लागली तरी बापाला धूर दिसल्यावरच कळतं. मला धूर नको. मला ठिणगी सांगा! माझ्यासमोर खरं बोलणाऱ्याचं मी काय करीन? त्याला खांद्यावर घेईन!" पत्र्याची शेड दणाणली. असं बरेच दिवसांत जमलं नव्हतं. रामअवधने शिट्टी मारली.

मग विचारलं, काही अडचण?

"नाही!"

आजवरचा सगळ्यांत मोठा 'नाही'. टाळ्या. लोक मशीनवर गेले. मी देवीच्या फोटोसमोर एकटाच. घाम फुटला होता तो भाषणाचा नव्हे. सगळ्यांनी सगळं ऐकलं आणि कुणीच काही

पुढे लिहवत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

क्रमाने लिहितो.

मंगलाबाई. काशीगावच्या. पॅकिंगला असतात. शेठलाही अरेतुरे करतील असा स्वभाव. दुपारी तीन नं.कडे निघालो होतो, तर वाटेत आडव्या आल्या.

"सायेब, दलवीजवल जाऊन बोलू नका तुम्ही."

"का?"

"रागावनार न्हाय ना? रागावनार असाल तर मी काय बोललीच न्हाय."

"नाही रागावणार."

"त्याला मग ऐकू येत न्हाय."

"कुणाचं?"

"मशीनचं."

आणि मग सगळं. तीन नंबर कधी कधी डबल मारते. पायडल एकदा दाबलं तरी पंच दोनदा येतो. दुसऱ्यांदा यायच्या आधी आतून बारीक टक् असा आवाज होतो. तो फक्त दळवीला ओळखू येतो. आला की तो हात बाहेर ठेवतो. म्हणून तीनवर तो दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. म्हणून तिथे कुणी बोलत नाही. म्हणून पॅकिंगचं टेबल पार पलीकडे नेलं, चिकटपट्टी ओढली की आवाज होतो. टेबल हलवल्याबद्दल मी त्यांना जागेचं नियोजन म्हणून शाबासकी दिली होती. सभेत.

"पावसाच्या आधीपासून चाललंय," मंगलाबाई म्हणाल्या. "आमाला वाटलं तुमाला ठाव हाय."

आठ तारखेला टक् झाला असणारच. दळवीला तो ऐकू आला नाही, कारण त्याच्या कानाशी मी बोलत होतो.

संडासात जाऊन बसलो.  बाहेर आलो, सरळ गेलो, तीन नं.चा मेन स्विच खाली केला.  

१८ सप्टेंबर, गुरुवार

दळवीला बाहेर टपरीवर घेऊन गेलो. चहा त्याने घेतला नाही.

"कुणी सांगितलं?"

"मोज्याने," म्हणालो, आणि ते टोक दाखवलं. बाईंचं नाव घेतलं नाही.

"मला कान आहे, साहेब. आजवर एकदाही चुकला नाही. त्या दिवशी सोडून." त्या दिवशी काय झालं हे त्याने सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं. ते जास्त लागलं.

"कान म्हणजे काय गार्ड आहे का रे? ताप आला, सर्दी झाली, मग?"

"मग सुट्टी नाही घ्यायची." मग रस्त्याकडे बघत, "यंदा गणपतीला गावी गेलो नाही, ते का वाटलं तुम्हाला? माझ्या जागी कुणाला तरी बसवलं असतंत."

गुहागरजवळचा माणूस. तिकडचा माणूस नोकरी सोडील, पण गणपतीला घरी गेल्याशिवाय राहणार नाही. तो राहिला. आणि मी त्याला सभेत पुढे बोलावून शाल घातली होती. कंपनीनिष्ठेबद्दल. सगळे टाळ्या वाजवत होते. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. एकट्या मला नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी?"

"सकाळी! रोज विचारतो की!"

"ते होय?" त्याला खरंच नवल वाटलं. "ते आरतीसारखं असतं ना साहेब. उदबत्ती, तुमचं बोलणं, मग सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं. आरती चालू असताना समई कललीय म्हणून कोण ओरडतं? अपशकुन होतो. आणि तुम्ही बोलता पण छान. मध्येच बोलायला जीव होत नाही."

चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता.

त्याच्यावर रागावलो. कानाचा कसला अभिमान, म्हणालो. "तुम्हाला नाही जिभेचा?" असं तो म्हणाला नाही. 

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गफूरभाई फिटरने तीन नं. उघडली. क्लचची चावी, पंच एका फेरीवर थांबवणारी खुंटी, झिजून गोल झालीय. दाखवली तेव्हा मला हात लावायचा धीर झाला नाही.

शेठच्या केबिनमध्ये.

"ठीक है, चावी बदल. पण हे एकच हां, मोहिते. अजून काही बंद केलंस तर दिवाळी निघून जाईल, ऑर्डरवाली पार्टी निघून जाईल, आणि पहले तू जाएगा."

म्हणालो, बाकीच्या मशीनचंही लोकांना विचारतोय.

"ये मत कर. एक बोला ना, तो सब बोलेंगे. तेरे को रखा क्यों है? बोलने के लिए. सुनने के लिए नहीं."

माझ्याकडे उत्तर होतं. तीन उत्तरं होती. एकही दिलं नाही. लगेच कळलं, हे ऐकून घेणं नव्हे, हे घाबरणं. दोन्हीत तोंड बंदच असतं. फरक बाहेरून दिसत नाही. मग माझ्या लोकांचा तरी मला कुठून दिसला असता?

वै.ला आज सगळं सांगितलं. मोज्याचं टोक तिने हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. म्हणाली, "घरीही तुम्ही विचारता हो, सगळं बरं आहे ना? आणि पेपर वाचायला घेता."

२० सप्टेंबर, शनिवार

एकेकाला विचारत फिरलो. हळू आवाजात. फारच वाईट झालं. जोरात बोलणारा माणूस हळू बोलू लागला की लोक घाबरतात. रामअवधने मशीन थांबवून हात जोडले, "सब बढ़िया है साहब, मेरी तरफ से कोई बात नहीं गई." कुणीतरी चहाड्या केल्या आणि साहेब कुणालातरी काढणार, अशी वदंता आहे म्हणे. दळवी माझ्याशी बोलत नाही. मंगलाबाई मान वर करत नाहीत.

माणसांसाठी बोलायचं म्हणून आत आलो होतो. माझीच माणसं मला भितात. मी शेठला भितो. आणि मशीन कुणालाच भीत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. देवीच्या फोटोला हार. नवी चावी बसली, तीन नं. सुरू. पहिली काही झाकणं गफूरभाईंनीच काढली, मग दळवी बसला. हात न घालता चिमट्यानेच झाकण काढायचं, हे त्याला सांगितलं. दोन वाक्यांत. "हं," म्हणाला. पण बसला तो कान लावूनच, मान तशीच तिरकी. मशीन सुधारलं तरी मान सरळ व्हायला वेळ लागेल.

विश्वास मशीनवर ठेवायचा की मानेवर, हे मलाही कळेना. दिवसभर त्याच्या मागे, लांब उभा. हात खिशात. मंगलाबाईंनी चिकटपट्टी खर्रकन ओढली, मुद्दाम. शेडमध्ये कितीतरी दिवसांनी आवाज झाला.

रामअवध मात्र अजून गुणगुणत नाही. तीन तर आता ठीक आहे. मग हा कुणासाठी गप्प?

कालपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नसता. आज पडला आणि झोप उडाली.

२४ सप्टेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या टेबलावर लिहितोय. वही ऑफिसला कधी आणत नाही, आज आणली.

सकाळी भाषण केलं नाही. उदबत्ती झाली. म्हणालो, "आता आरती संपली. सगळ्यांनी बसून घ्या." खाली, पत्र्याच्या बंडलांवर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. मीही बसलो. मग विचारलं, "काही अडचण?"

"नाही!" सवयीने.

"पुन्हा विचारतो. मिळून नका सांगू."

आणि गप्प बसलो.

हजारो लोकांसमोर उभा राहिलोय, असं कधी झालं नव्हतं. तोंडाला कोरड. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. माझ्या जिभेवर वाक्य आलं, सुंदर होतं. गिळलं. दुसरं आलं. तेही. कुणी खोकलं की वाटायचं, आता. नाही. लोक एकमेकांकडे बघत होते, मग जमिनीकडे. दळवी माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच, गेल्या गुरुवारनंतर. वाटलं उठावं, हसावं, चला कामाला म्हणावं. त्या बाईंचं वाक्य आठवलं. त्यांनी अजून विचारलंच नव्हतं.

"साहब." रामअवध. उभा राहिला, पुन्हा बसला. "बोलूँ?"

मी मान हलवली.

"पाँच भी. कभी कभी." थांबला. माझं तोंड उघडलं होतं, दळवीने लांबूनच हाताने नको अशी खूण केली. मिटलं. रामअवधने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मैं भी सुनता हूँ, ध्यान से. पर दलवीभैया जैसा कान नहीं है मेरे पास."

अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. तो दळवीसाठी गप्प नव्हता. स्वतःच्या मशीनसाठी होता. कान नसताना कान लावून बसला होता. शनिवारी मला हात जोडले ते याच हातांनी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गफूरभाई उठले, पाच नं.चा स्विच खाली करून आले. मी सांगायच्या आधी. मग मंगलाबाई म्हणाल्या, "मालाच्या लिफ्टचं पन सांगा रे कोनीतरी," आणि कुणीतरी सांगू लागलं. शेठ म्हणाले होते ते खरं. एक बोलला की सगळे बोलतात. ऐकताना मला बरं वाटत नव्हतं. भीती वाढत होती. किती दिवस मी या सगळ्याच्या मधून हात मागे बांधून, भाषणं जुळवत फिरत होतो!

शेठला मीच फोन केला. पाच बंद केलीय म्हणालो.  ते म्हणाले, "आता हूँ." ठाण्याहून निघालेत, वरसाव्याच्या पुलावर अडकलेत. तेवढा वेळ माझा.

पूर्वी एवढ्या वेळात मुद्दे काढले असते. सुरुवात, टाळीचं वाक्य, शेवट. काहीच तयार नाही. मोज्याचं टोक समोर ठेवलंय. हेच त्यांच्या टेबलावर ठेवावं, की बोलावं, की त्यांचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यावं? ऐकून घेतलं की मागच्या वेळेसारखं घाबरून गप्प बसलो असं होईल का? माहीत नाही. घरखर्च, वै., सगळं डोळ्यांसमोर येतंय. 

दळवी आत्ता येऊन बाजूला उभा राहिला.

"काय बोलणार शेठशी?"

"ठरवलं नाही."

"तुम्ही?" हसला. या वेळी खरं. मग रामअवधला हाक मारली, "ए, इकडे ये. उभं राहायचंय." रामअवध आला. मंगलाबाई टेबल सोडून आल्या, हातात चिकटपट्टी तशीच. मी कुणाला बोलावलं नव्हतं.  दळवीची मान तिरकी झालीय.

"आली," म्हणाला, "गाडी."

मला अजून ऐकू येत नाही.